मन बाहेर गेलंय

"थांब जरा. मन बाहेर गेलंय."

समोरचा माणूस तावातावानं काही सांगत असताना मध्येच हात वर करून असं म्हणायची त्यांना सवय होती. मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी पाण्याबद्दल बोलत होते. नळाला दिवसाआड पाणी, तेही गढूळ, आणि बिल मात्र न चुकता. माझ्या मते त्या आठवड्यात झाशीत याहून मोठा अन्याय दुसरा नव्हता. आणि हे गृहस्थ हात वर करून बसलेले.

"कुठं गेलंय?" मी विचारलं. चिडूनच.

त्यांनी डोळे मिटले. खरंच शोधल्यासारखं केलं. "दतिया गेटला. तिथं एक कचोरीवाला बसायचा. गेला बिचारा. पण हे रोज एकदा जाऊन बघून येतं." मग बुंदेलीत, स्वतःलाच समजावल्यासारखं, "जान दो. आ जैहै." जाऊ दे, येईल.

थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "हं, आलं. गढूळ पाणी. बोल."

आणि ते खरंच आलेलं असायचं. एरवी लोक मान डोलावत राहतात आणि मनानं भलतीकडेच असतात. मी अधिकाऱ्यांच्या, पुढाऱ्यांच्या, आमच्याच कार्यकर्त्यांच्या बैठका केल्यात. सगळे चेहरे हजर, मन एकाचंही नाही, आणि कबूल करायची कुणाची छाती नाही. रजा सांगून जाणारं मन मी आयुष्यात एकच पाहिलं.

या माणसाला पुण्याला नेलं. नेऊ नये म्हणून मला जे जे करता आलं ते मी केलं, आणि हरले. पत्रकं लिहून लिहून माझा हात असा झालाय की चार ओळी झाल्या की खाली मागण्या येतात. या लिखाणाखाली कुठली मागणी टाकायची ते मला सुचत नाही. मागायची कुणाकडे?

ते माझे घरमालक. लक्ष्मी गेटच्या आत, चपलांच्या दुकानामागे त्यांचं घर. खाली ते, वर मी. गल्ली त्यांना मास्साब म्हणायची, कारण निम्म्या गल्लीला त्यांनी भूगोल शिकवला होता. मी काका म्हणायचे. माझे वडील रेल्वेत, आम्ही मूळचे जळगावकडचे. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आईवडील गावी परतले, आणि मी "इथलं काम अर्धवट टाकून येणार नाही" असं बाणेदारपणे सांगून मागे राहिले. काम म्हणजे कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेचं. पगार बेताचा, शत्रू भरपूर. एकट्या मुलीला, त्यातून मोर्चे काढणारीला, खोली कोण देणार? काकांनी दोनच प्रश्न विचारले.

"मराठी आहेस?"

"हो."

"खोलीत येरझारा घालतेस का?"

मला वाटलं, आवाज चालणार नाही म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "कधी कधी. डोकं तापलं की."

"मग ये. मी पण घालतो. वरून कुणी चाललेलं ऐकू आलं तर सोबत होईल."

त्यांच्या घराण्यातला कुणीतरी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आला आणि परत गेलाच नाही. त्यामुळे त्यांची मराठी अजब होती. दोन शेगड्यांच्या गॅसच्या ओट्याला ते मुदपाकखाना म्हणायचे. "मुदपाकखान्यात लायटर कुठं ठेवलास गं?" आणि पुढच्याच वाक्याला, "रहने दे, मिल गया." माझी मराठी रेल्वे कॉलनीतली, म्हणजे आईचं ओरडणं समजण्यापुरती. मी "मी बोलली" म्हणायचे. ते दुरुस्त करायचे नाहीत. "बोललीस ना? बस."

त्यांचं कुठलंच काम एका जागी होत नसे. खाट सकाळी अंगणात, दुपारी जिन्याखाली, संध्याकाळी थेट दारात, अशी की दूधवाल्याला ती ओलांडून यावं लागे. चहा अर्धा उंबऱ्यावर, अर्धा नळापाशी. पेपरचं पहिलं पान बसून, उरलेला चालत. गल्लीतलं कुणी म्हणालं, "मास्साब, बैठ तो जाओ," की उत्तर ठरलेलं, "बैठे तो हैं भैया, बस जगह बदल रहे हैं." मुलं हसायची. मीही हसले. नंतर नंतर मात्र मला खाट कुठं आहे त्यावरून दिवसाची वेळ कळायला लागली.

काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात त्यांचा एकही फोटो लावलेला नव्हता. मी फटकळपणे कारण विचारलं. म्हणाले, "फोटो लावला की माणूस खिळ्याला टांगला जातो. तिला नसतं आवडलं."

आता शिबिराचं सांगते, कारण गल्लीत मास्साब म्हटलं की लोक अजून तेच काढतात.

आमच्या बायकांना आठवड्याची सुट्टी नव्हती. आम्ही ती मागत होतो. कंत्राटदारानं सुट्टी दिली नाही, तणावमुक्तीचं शिबिर दिलं. हे मी अगदी सरळ लिहिते: ज्याची झोप तुम्ही चोरलीय त्यालाच "मन शांत ठेवा" म्हणून शिकवायचं, ही चोरीपेक्षा वाईट गोष्ट आहे. मी हॉलच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटत होते. काका माझ्याबरोबर आले होते, पण उन्हाला कंटाळून आत जाऊन बायकांमध्ये सतरंजीवर बसले. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

प्रशिक्षक पांढऱ्या कपड्यातला, आवाज मधाळ. "आँखें बंद कीजिए. मन को एक जगह रोकिए. कोई विचार नहीं."

जरा वेळ शांतता. मग काकांचा आवाज. "भैयाजी, हमारा तो निकल गया."

"कौन निकल गया?"

"मन. घर गया है. दूध गैस पर तो नहीं छोड़ आए, देखने."

"वापस लाइए."

"लाए तो पूछेगा, दूध का क्या हुआ. पहले देख तो ले."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आमची एक बाई, जी माझ्या बैठकीत कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, "मास्साब, हमाओ तो मोड़ी के पास गओ. बुखार में पड़ी है." मोड़ी म्हणजे तिची मुलगी. दुसरी म्हणाली तिचं नळावर रांगेत उभं आहे. तिसरीचं सासूकडे, शिव्या ऐकत. एक म्हातारी म्हणाली, "हमाओ तो मायके चलो गओ," आणि लाजली, जणू खरंच न विचारता माहेरी जाऊन आली होती. सगळा हॉल बोलायला लागला. प्रशिक्षक "मौन, मौन" करत राहिला आणि कुणी ऐकेना.

मी खिडकीतून उडी मारून आत जायच्या बेतात होते. घोषणा ओठावर होती. काकांनी मला पाहिलं आणि नुसता हात वर केला, तोच हात. बाहेर आल्यावर मी भडकले. "काका, तापलेलं लोखंड होतं! तुम्ही मला थांबवलंत!"

"अगं, त्या आत्ता कुठं घरी पोचल्या होत्या. लगेच मोर्च्याला कशाला बोलावतेस? जरा फिरू दे की."

सुट्टी आम्हाला नंतर मिळाली, ती भांडून मिळाली, शिबिरातून नाही. हे नोंदवणं मला गरजेचं वाटतं. पण त्यानंतर माझ्या बैठकांना त्या बायका बोलायला लागल्या, हेही खरं आहे, आणि त्याचं श्रेय मला घेता येत नाही.

काकांचा मुलगा पुण्यात, हडपसरला नोकरीला. दर रविवारी त्याचा फोन. आवाज मोठा करून ठेवायची काकांना सवय, त्यामुळे जिन्यात मलाही ऐकू यायचं.

"बाबा, काय ठरलं तुमचं?"

"सकाळी ठरलं होतं, यायचं. आता नाही."

पुढच्या रविवारी उलटं. त्याच्या पुढच्या रविवारी, "निम्मं ठरलंय." मुलगा टेकीला आला होता. खरं सांगायचं तर मीही. मला त्यांनी राहायला हवं होतं, पण त्याहीपेक्षा मला त्यांनी ठाम राहायला हवं होतं.

"काका, एकदाच काय ते सांगून टाका. नाही म्हणजे नाही."

"ठाम सांगायला मन एका जागी बसायला पाहिजे."

"मग बसवा ना!"

"तू बसवतेस?"

"हो!"

"मग उभी का आहेस?"

मी उभीच होते. एका हातात पिशवी, एक पाय जिन्यावर. छावणीत एका ठिकाणी जायचं होतं, तिथून स्टेशनला, तिथून अजून कुठं.

हिवाळ्यात ते नळापाशी घसरून पडले. मोडलं काही नाही, मनगट सुजलं. मी डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधून आणली, आणि मुलाला फोन केला, तोही मीच. तो मिळेल त्या गाडीनं आला आणि आल्या आल्या म्हणाला की आता विचारणं बंद, घर विकायचं, बाबांना न्यायचं.

मग मी मला येतं ते केलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात "मास्साब यहीं रहेंगे" लिहून चहाच्या टपरीवर लावलं, खाली सह्यांसाठी कागद. गल्लीनं सह्या केल्या. चपलांच्या दुकानदारानं केली, दूधवाल्यानं अंगठा उठवला. वर पाहिलं तर तिसरी सही काकांची. डाव्या हातानं केलेली, वाकडी, उजव्याला पट्टी होती ना.

"काका, ही तुमच्यासाठीची मागणी आहे. तुम्ही कशी सही करता?"

"मागणी बरोबर आहे," ते म्हणाले. "मला पटली."

मुलगा कागद घेऊन वर माझ्या खोलीत आला. शांत होता, त्याचाच मला जास्त राग आला. "ताई, तुम्ही भाडेकरू आहात. एक विचारू? तुम्हाला बाबांची काळजी आहे की खोलीची?"

"दोन्हीची," मी म्हटलं.

तो पलंगाच्या कडेवर बसला. "निदान खरं बोललात. आता मीही बोलतो. ते पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी दतियाला होते. कामगारांच्या सभेत. दुपारपर्यंत ते ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसून होते. हे मला दूधवाल्यानं सांगितलं होतं, त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार. खालून खाट ओढल्याचा आवाज आला, एका हातानं ओढत होते, थांबत थांबत.

दुसऱ्या दिवशी काकांनी जाहीर केलं की ते जाणार.

मी तडक खाली गेले. खाट अंगणात होती, उन्हात. "तुम्ही सही केली होती!"

"केली. मागणी बरोबरच आहे. पण मी जातोय."

"मुलानं दबाव आणला."

"त्यानं? त्याला तर मी हो म्हणालो तेव्हा घामच फुटला. सवय नाही ना." मग मनगट मांडीवर ठेवून म्हणाले, "बस. तुला एक शब्द सांगतो. माझा नाही, तिचा आहे."

काकू सासवडच्या. लग्न होऊन झाशीला आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हतं आणि या घरातली मराठी त्यांना कळत नव्हती. पहिल्या महिन्यात कधीतरी त्या काकांना म्हणाल्या, "मला इथं करमत नाही."

"आता मी झाशीत जन्मलेला," काका म्हणाले. "आमच्या घरात मुदपाकखाना टिकला, देवडी टिकली, शिंकाळं टिकलं. वस्तूंची मराठी सगळी राहिली गं. मनाची मात्र हिंदी होऊन गेली. आम्ही म्हणायचो, मन नाही लागत. करमत हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मला काय ऐकू आलं असेल, सांग."

मी विचार केला. मग एकदम कळलं आणि मी तोंडावर हात ठेवला. "कर मत?"

"कर मत! मला इथं 'कर मत' नाही. मला वाटलं, ही म्हणतेय की मला हे करू नको, ते करू नको, असलं चालायचं नाही. पुण्याकडची मुलगी, तडफदार. मी थेट आईकडे गेलो. म्हटलं, आजपासून या घरात तिला 'मत कर' कुणी म्हणायचं नाही. आई म्हणाली, काय जादू केली गं बाई हिनं. पण मी हटलो नाही. तिला डोक्यावरून पदर नको, नको. बाजारात एकटीला जायचं, जा. सायकल शिकायची, तर मी छावणीच्या रस्त्यानं मागं धरून पळायचो. तिथं रस्ते रिकामे ना. फौजी बघून हसायचे."

"आणि काकू?"

"तिला वाटायचं, काय भला माणूस आहे. आपण म्हटलं करमत नाही, तर यानं सगळी दारं उघडून दिली. असं चाललं होतं. मग तिचा भाऊ आला सासवडहून. जेवताना मला विचारतो, काय मेव्हणे, ताईला करमतं ना इथं? मी छाती काढून सांगितलं, अजिबात नाही! आमच्या घरात तिला कुणी कर मत म्हणूच शकत नाही!"

काका इतके हसले की मनगट धरावं लागलं. काकू म्हणे तेव्हा हसता हसता खाली बसल्या होत्या, वाढायची पळी हातात तशीच. भाऊ वेड्यासारखा बघत होता. नंतर काकांनी विचारलं, मग त्याचा अर्थ तरी काय? काकूंना सांगता येईना. म्हणाल्या, सगळं चांगलं असतं, माणसंही चांगली असतात, आणि तरी मन पायात चपला घालून दारात उभं असतं.

"मी घाबरलो," काका म्हणाले. "म्हटलं, मग आता? आता तरी करमतं का? तर म्हणाली, नाही. पण तुम्ही त्याला काही करू नका. ते जातं सासवडला, हिंडतं, येतं. मी त्याला अडवत नाही म्हणून मी इथं राहू शकते." ते उठून खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. "सगळा जन्म तिनं इथं काढला. मजेत काढला. भांडली, शिकली, शिकवलं, शेजारणींना पुरणपोळी करायला लावली. आणि एक दिवसही करमलं नाही तिला. मी तिला कधी म्हटलं नाही की करमव."

मी म्हटलं, "काका, तुम्हालाही पुण्यात करमणार नाही. तेच तर मी सांगतेय!"

"हो ना. नाहीच करमणार."

"मग?"

"मग काय. ती माझ्या गावात न करमता राहिली. आता मी जरा तिच्या मुलुखात राहून बघतो. माझी पाळी आहे."

मी पुष्कळ लोकांशी पुष्कळ वाद घातलेत. हा मी तिथंच सोडला. मी टपरीवर गेले आणि पुठ्ठा काढला. चहावाल्यानं विचारलं, "दीदी, हार गए?" मी हो म्हटलं. त्यानं पैसे न घेता चहा दिला.

स्टेशनवर मी गेले होते. मुलगा सामान लावत होता. काका डब्यात एकदा या खिडकीला, एकदा त्या. गाडी हलली तेव्हा ते नेमके पलीकडच्या बाजूला होते, त्यामुळे हात हलवणं वगैरे काही झालं नाही. मी पलीकडच्या खिडकीतला त्यांच्या स्वेटरचा पाठीचा भाग तेवढा पाहिला.

घर आता विकलं गेलंय. मी छावणीच्या बाजूला एका खोलीत राहते. मालक सज्जन आहेत, भिंती जाड आहेत, वरून खालून कसलाच आवाज येत नाही. कामं चालू आहेत. आता कामावरच्या विमा कार्डांसाठी भांडतोय, आणि ते मी मिळवणार आहे. पण एखाद्या बैठकीत, अगदी माझ्याच बैठकीत, मी बोलत असताना मला कळतं की मी इथं नाही. पूर्वी मी स्वतःला झापायचे. अजूनही झापते. पण जरा उशिरानं.

मध्यंतरी मी त्यांना फोन केला. विचारणार होते तब्येत, मनगट, औषधं. तोंडातून भलतंच निघालं.

"काका, करमतं का हो तिथं?"

"अजिबात नाही!" ते ओरडलेच, आणि आवाजात इतका आनंद की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मागून मुलाचा आवाज आला, "बाबा, हळू, शेजारी ऐकतात." काकांनी लक्ष दिलं नाही. काल सासवडला जाऊन आले म्हणे, बसनं, एकटे. काकूंची शाळा बघितली, बाहेरून. पुढच्या वेळी आत जाणार. मग हळू आवाजात विचारलं, "आणि तुला?"

मी इथं राहण्याची कारणं मला पाठ आहेत. संघटना, कामगार, अर्धवट लढे, गावी जाऊन मी करणार काय. कुणीही विचारलं तर मी ती मुद्देसूद सांगते. ती खरीही आहेत.

"नाही काका," मी म्हटलं. "मला पण नाही करमत."

"बरं," ते म्हणाले. "जेवलीस का?"